चार मायक्रॉनची ढिलाई

कावेरीअक्कांची आणि माझी ओळख शिंकेमुळे झाली. पीएचडीला येऊन तिसरा दिवस होता. संस्था दाखवता दाखवता कुणीतरी मला त्यांच्या खोलीत नेऊन सोडलं आणि मी टेबलाजवळ शिंकलो. टेबलावर सोन्याचा वर्ख होता. तो मिठाईवरचा नव्हता, प्रयोगाचा होता. तो उडाला नाही, नुसता थरथरला.

"बाहेर," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "शिंक संपवून ये."

"संपली, अक्का."

"एक येते तेव्हा मागून दुसरी असते. बाहेर उभा राहून वाट बघ."

मी बाहेर उभा राहिलो. दुसरी आली. या बाई मोजमापात चुकत नाहीत असं माझं तेव्हापासून मत झालं, आणि पुढे चार वर्षं ते टिकलं.

आमची संस्था येलहंक्याच्या पलीकडे आहे. तिथे एक जुना प्रवेगक आहे, म्हणजे अणूंचे कण वेगाने फेकून मारायचं यंत्र. मी निपाणीचा, मराठी शाळेतला. घरी मराठी, बाजारात कन्नड आणि परीक्षेत जे सुचेल ते. बंगळूरला आल्यावर मराठी बोलायला कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं. मिळाल्या त्या अक्का. त्यांचं घराणं शिंप्यांचं. शहाजीराजांच्या फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले आणि तंबू हलले तरी हे राहिले, असं त्यांच्या घरात सांगतात. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षं कन्नडाशेजारी राहिलेली आहे. पहिल्या महिन्यात मला ती निम्मी कळायची. उरलेली निम्मी ओरडण्याच्या सुरावरून कळायची.

वडिलांचं कॉटनपेठेत शिवणकामाचं दुकान. अक्का आयटीआयला फिटर झाल्या, वर्गात मुलगी एकटीच. मग अकरा वर्षं घड्याळांच्या कारखान्यात बायकांच्या मनगटी घड्याळांत केसाएवढी स्प्रिंग बसवत होत्या. कारखाना आटत गेला तशा स्वेच्छानिवृत्ती घेऊन इथे आल्या. तिथे सेकंद मोजायचे, इथे सेकंदाचे तुकडे. फरक काय, म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"तिथे घड्याळ चाललं का नाही ते कानाला लावलं की कळायचं," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही लोक पाच वर्षांनी सांगता."

आम्ही काय मोजतो ते इथे सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. अणूच्या पोटात केंद्रक असतं. ते गोल असतं असं आम्हाला शाळेत शिकवलं आणि फळ्यावर काढूनही दाखवलं. प्रत्यक्षात पुष्कळशी केंद्रकं गोल नसतात. काही दुधी भोपळ्यासारखी लांबट, काही पेढ्यासारखी चपटी. काही तर उत्तेजित झाली की आकारच बदलतात. बघता येत नाही, पण ओळखता येतं. उत्तेजित केंद्रक एकेक पायरी उतरत खाली येतं आणि दर पायरीला एक गॅमा किरण फेकतं. पायरीवर ते किती वेळ थांबलं, म्हणजे त्या अवस्थेचं आयुष्य किती, यावरून आकार कळतो. लांबट असेल तर घाईने उतरतं, गोल असेल तर रेंगाळतं. रेंगाळणं म्हणजे किती, तर सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख. त्याला पिकोसेकंद म्हणतात. माझी पाच वर्षं अशा दीड-दोन पिकोसेकंदांच्या मागे गेली.

एवढा वेळ कुठल्या घड्याळात मोजता येत नाही. म्हणून अंतर मोजायचं. एका पातळ वर्खावर कणांचा झोत सोडला की आमचं केंद्रक तिथे तयार होतं आणि पुढे उडतं. पिकोसेकंदात सहा मायक्रॉन जातं. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. समोर सोन्याचा दुसरा वर्ख असतो, त्यात ते रुतून थांबतं. उडता उडता किरण फेकला तर त्याचा सूर बदललेला येतो, थांबून फेकला तर जसाच्या तसा. धावत्या रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ येताना वेगळा ऐकू येतो ना, तसं. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर हे उदाहरण चालत नाही, कारण तिथे रुग्णवाहिका थांबलेलीच असते. दोन वर्खांमधलं अंतर कमी-जास्त करायचं, उडत्यातले किती आणि थांबल्यातले किती ते मोजायचं, आणि त्यावरून आयुष्य काढायचं.

ज्या यंत्रात हे दोन वर्ख समोरासमोर बसतात त्याला प्लंजर म्हणतात. आमचा प्लंजर आमच्याच वर्कशॉपमध्ये अक्कांनी घडवला होता. आणि त्यातले वर्ख फक्त त्या ताणायच्या. पंखा बंद. हातात बांगड्या नाहीत. केसांना फडकं. वडिलांच्या दुकानातली कशिद्याची फ्रेम त्यांनी मनात ठेवली होती. वर्ख कड्यात धरायचा आणि खालून गुळगुळीत शंकू हळूहळू वर रेटायचा. एक सुरकुती राहिली की वर्ख गेला. एका वर्खाला तीन आठवडे लागायचे, कारण आधीचे पाच फाटायचे. तेवढ्यात विमानदलाच्या तळावरून विमान उडालं की सगळं थरथरायचं. म्हणून अक्का विमानांच्या वेळा एका छोट्या वहीत लिहून ठेवत. वैमानिकांना ठाऊक नसेल, पण त्यांची हजेरी घेतली जात होती.

प्रत्येक नव्या पोराला अक्का एक नियम शिकवायच्या आणि तोंडी परीक्षा घ्यायच्या. अंतर बदलायला प्लंजरला बाहेरून एक स्क्रू होता, त्यावर मायक्रॉनच्या खुणा. नियम असा, की अंतरावर यायचं ते नेहमी लांबून जवळ. जवळून लांब कधी नाही.

"आणि मागं घ्यायचं झालं तर?" त्या विचारायच्या.

"पन्नास मागं जायचं आणि परत पुढं यायचं."

"का?"

"स्क्रूच्या आट्यांत ढिलाई असते. उलटा फिरवला की आधी नुसता स्क्रू फिरतो, वर्ख जागचा हलत नाही."

"सलवारीची नाडी ओढतो तेव्हा आधी काय येतं हातात?"

या प्रश्नाला दोन वर्षं सीनियर असलेली प्रियदर्शनी "नुसती ढिली नाडी" असं ठणकावून उत्तर द्यायची. मी लाजलो म्हणून मला परीक्षा दोनदा द्यावी लागली.

माझा प्रयोग फेब्रुवारीत झाला. प्रवेगक पाच दिवस मिळाला होता. अंतर विजेवर वाचणारा एक मीटर होता, तो दुसऱ्या दिवशी बंद पडला. दुरुस्त करायचा तर निर्वात पेटी उघडायला लागणार आणि एक दिवस जाणार. गुरुप्रसाद सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, म्हणाले की स्क्रूच्या खुणांवर चालू द्या, अक्का आहेत. अक्का होत्या. स्क्रूला त्याच हात लावायच्या, आकडा मोठ्याने सांगायच्या आणि तो नोंदवहीत मी लिहायचो.

दोनशे मायक्रॉनपासून आत येत येत पाचव्या दिवशी दुपारी आम्ही वीसवर आलो. शेवटचा मुक्काम दहा. सहा वाजता यंत्र बंद होणार होतं. चार वाजता अक्कांनी स्क्रू दहावर आणला आणि लाल दिवा लुकलुकला. दोन वर्ख एकमेकांना टेकले की तो दिवा लागतो. झोताच्या उष्णतेने वर्ख पुरीसारखा फुगला असणार.

"अक्का, टेकला!" मी ओरडलो.

पलीकडे यंत्रावरच्या महांतेशने झोत कमी केला. इकडे अक्कांचा हात फिरला. दिवा विझला.

"चौदा," अक्का म्हणाल्या.

मी चौदा लिहिलं. दोन तास किरण मोजले. सहाला यंत्र बंद झालं, आणि आम्ही सगळे गेटबाहेर जाऊन मसाला डोसा खाऊन आलो. अक्कांनी नुसती कॉफी घेतली. वर्ख अख्खा बाहेर आला म्हणून त्यांचा चेहरा प्रसन्न होता. म्हणजे नेहमीसारखाच होता, पण आम्ही ओळखायचो.

मग चार महिने मी आकडेमोड केली. खालच्या सगळ्या पायऱ्यांची आयुष्यं अपेक्षेप्रमाणे निघाली. केंद्रक दुधी भोपळा तो दुधी भोपळाच. वरच्या पायऱ्या भराभर उतरतात, म्हणून त्यांचं आयुष्य कळतं ते अगदी जवळच्या अंतरांवरून. सगळ्यात वरच्या पायरीचा सगळा भार आलेखावरच्या शेवटच्या ठिपक्यावर होता. तिथे दीड पिकोसेकंद यायला हवं होतं, ते दोन पूर्णांक एक आलं. म्हणजे केंद्रक वर गेल्यावर एकदम गोल व्हायला लागतंय. आकार बदलतोय.

गुरुप्रसाद सर शांत माणूस. त्या दिवशी ते खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना म्हैसूरपाक मिळाला. माझ्या प्रबंधाचं शीर्षक ठरलं, त्यात 'आकारबदल' हा शब्द आला. पेपर एका मोठ्या नियतकालिकाकडे जाणार होता. माझी पाच वर्षांची मुदत डिसेंबरला संपत होती आणि त्यानंतर वाढ मिळते ती एकदाच, तीही विनवण्या करून. या एका आकड्यावर माझं गाडं पार होणार होतं. मी निपाणीला फोन करून बाबांना सांगितलं की केंद्रक आकार बदलतं हे मी शोधलं.

"बरं," बाबा म्हणाले. "मग आता ये घरी."

पेपर पाठवायच्या आधी मी संस्थेत भाषण दिलं. अक्का प्रत्येक भाषणाला मागच्या रांगेत बसत. प्रश्न कधीच विचारत नसत. त्या दिवशी चहाच्या वेळी माझ्याजवळ आल्या.

"तो शेवटचा ठिपका कुठला रे, तम्मा?"

"चौदा मायक्रॉन, अक्का. तुमचाच आहे."

"पाचव्या दिवशीचा?"

"हो. त्यानेच तर सगळं झालं."

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि कप अर्धा ठेवून निघून गेल्या. मला वाटलं कौतुकाने त्यांना भरून आलं असेल. माझ्या अंदाजांचा दर्जा सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात ती विमानांची वही. त्यात विमानं होतीच, पण प्रत्येक अंतराचा आकडाही होता आणि आकड्यापुढे बाण. संस्थेच्या नोंदवहीत बाण नव्हते. बाण फक्त अक्का काढायच्या, स्वतःसाठी, स्क्रू कुठल्या बाजूने फिरवला ते. पाच दिवसांचे सगळे बाण खाली. शेवटच्या ओळीत 'दहा', खाली बाण. त्यापुढे 'दिवा'. त्याखाली 'चौदा', आणि बाण वर.

"मी उलटी गेले," अक्का म्हणाल्या.

मी बाणाकडे बघत राहिलो. मग जे कुणीही शहाणा माणूस म्हणेल तेच म्हणालो. "ढिलाई तेवढी असेलच असं नाही ना, अक्का."

"मोजू."

त्यांनी प्लंजर वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला. मायक्रॉन दाखवणारा डायल वर्खाच्या कड्याला टेकवला. स्क्रू दहावर आणून मला म्हणाल्या, "तू फिरव. उलटा."

मी अकरा केला. डायलचा काटा हलला नाही. बारा. तेरा. चौदा. काटा बसून होता. पंधराला काटा हलला.

"परत," मी म्हणालो.

नऊ वेळा केलं. नऊही वेळा काटा पहिले चार मायक्रॉन बसून राहिला. सरकारी कचेरीतही इतकं नियमित बसलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही.

"दहाव्यांदा कर," अक्का म्हणाल्या.

"नको."

म्हणजे त्या दिवशी आम्ही ज्याला चौदा म्हणत होतो ते दहाच होतं. दिवा विझला तो झोत कमी केल्याने, अक्कांच्या हाताने नाही. मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि चौदाच्या जागी दहा टाकलं. चार महिन्यांचं काम एका मिनिटात झालं.

"किती?"

"दीड."

"आधी किती यायला पाहिजे होतं?"

"दीडच."

"म्हणजे दुधी भोपळाच."

"दुधी भोपळाच."

वर्कशॉपच्या बाहेर पिंपळाखाली एक सिमेंटचा बाक आहे. अक्कांनी दोन कॉफ्या आणल्या. त्यानंतर मी जे बोललो ते फारसं अभिमानाचं नाही, पण लिहायला बसलोय तर लिहितो.

"अक्का, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे."

"आणि स्क्रूला."

"स्क्रू पेपर वाचत नाही."

"मी पण वाचत नाही. म्हणून काय?"

"माझी मुदत डिसेंबरला संपते."

"ठाऊक आहे. माझी सप्टेंबरला संपते."

"तुम्ही निवृत्त होणार. तुमचं काय जातंय?" हे माझ्या तोंडून गेलं.

अक्कांनी कॉफीचा घोट घेतला. उत्तर द्यायची घाई त्यांना नव्हती. मला मात्र ते वाक्य परत घ्यायची घाई होती, आणि तोंडाला तसा स्क्रू नसतो.

"सत्तावीस वर्षं पोरांना एकच गोष्ट शिकवली," त्या म्हणाल्या. "दुसरं मला काही येत पण नाही. तुमचं ते आकार, आयुष्य, मला गोत्तिल्ला. आणि माझाच हात उलटा गेला. का गेला सांगू? तू ओरडला टेकला म्हणून, आणि मला वाटलं आता वर्ख फाटणार. तीन आठवडे ताणला होता तो. आकडा सोडला आणि वर्ख धरला मी. शिंप्याची पोर ना. कापड वाचवलं."

अक्कांनी कप बाकावर ठेवला.

"सरांना तू सांगतो का मी सांगू?"

"उद्या सांगू."

दुसऱ्या दिवशी मला ताप आला. तो खरा होता, थर्मामीटरवर दिसत नव्हता एवढंच. अक्कांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो तर त्या सरांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. कालही बसल्या होत्या, असं शिपायाने सांगितलं. आत गेल्या नाहीत. सरांनी दोनदा विचारलं, तर म्हणाल्या, पोरगा येऊ दे.

"आलास?" मला म्हणाल्या. "ताप उतरला?"

"उतरला."

"चल मग."

सर अक्कांशी कन्नडातच बोलत. अक्कांनी वही उघडून ठेवली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पाचवं बोलल्या नाहीत. सरांनी वही पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा वही. आणि त्यांच्याही मनात तेच आलं जे माझ्या आलं होतं. मला जरा बरं वाटलं.

"अक्का," सर म्हणाले, "चुकीची मर्यादा थोडी वाढवून लिहिली तर? अधिक-उणे आपण लिहितोच. त्यात हे बसेल."

"सर, अधिक-उणे कशासाठी लिहिता तुम्ही?"

"जे आपल्याला नक्की ठाऊक नसतं त्यासाठी."

"हे ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "चार आहे. नऊ वेळा मोजलं. यानेच फिरवला स्क्रू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या खोलीत तेवढंच माझं योगदान.

"पेपर तसाच पाठवायचा असला तर पाठवा," अक्का पुढे म्हणाल्या, "मी कोण सांगणार. पण मग माझ्या वहीचं हे पान पण त्याच्याबरोबर छापा."

सर बराच वेळ खिडकीकडे बघत होते. या वेळी उठून गेले नाहीत. मग मला म्हणाले, "ठिपका काढून टाक."

ठिपका काढायला एक कळ दाबावी लागते. दाबली. वरच्या पायरीचं आयुष्य गेलं, आकारबदल गेला, प्रबंधाचं शीर्षक गेलं.

"दीड आलंय ना आता? तेच ठेवू या ना, सर," मी म्हणालो.

"जो ठिपका एका बाजूला खोटा ठरला," सर म्हणाले, "तो दुसऱ्या बाजूला सोयीचा आहे म्हणून खरा धरायचा?"

अक्कांनी त्यांच्याकडे पसंतीने पाहिलं. म्हणजे भुवई हलली.

यंत्र पुन्हा मिळणार होतं ते नोव्हेंबरात, तीन दिवस. मुदतवाढीचा अर्ज मी केला. कारणाच्या रकान्यात 'प्रयोगाची पुनरावृत्ती' लिहिलं. समितीने विचारलं की पहिल्या वेळी काय झालं. मी म्हणालो, स्क्रू. समितीत एक वयस्कर सभासद होते, त्यांनी मान डोलावली. त्यांचंही कधीतरी काहीतरी स्क्रूमुळे गेलं असावं. सहा महिने मिळाले. बाबांना फोन केला की केंद्रक आकार बदलत नाही असं दिसतंय.

"मग आधी का म्हणालास बदलतं?" बाबांनी विचारलं. हा प्रश्न नंतर परीक्षकांनीही विचारला, पण इतका थेट नाही.

सप्टेंबरच्या शेवटी अक्कांचा निरोप समारंभ झाला. शाल, हार, भाषणं. संस्थेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. अकरा वर्षं घड्याळं बनवलेल्या बाईला घड्याळ द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं ते कळलं नाही. अक्कांनी ते स्टेजवरच कानाला लावलं. "मागं पडतंय," शेजारी बसलेल्या संचालकांना म्हणाल्या. निघायच्या आधी त्यांनी माझ्यासाठी झोताच्या बाजूचे दोन वर्ख ताणून ठेवले होते, एक वापरायला, एक जादा. दिवाळीनंतर त्या मुलीकडे, स्मृतीकडे, सर्जापूर रोडला राहायला गेल्या.

नोव्हेंबरात प्रयोगाच्या शेवटच्या दिवशी सकाळी नऊला अक्का गेटवर हजर. सर्जापूर रोडवरून येलहंक्याला यायला त्यांना अडीच तास लागले होते. तेवढ्या वेळात आमच्या केंद्रकाच्या किती पिढ्या होतात त्याचा हिशेब मी करणार होतो, पण आकडा लिहायला जागा पुरली नसती. आता त्या पाहुण्या होत्या. गेटवरच्या रजिस्टरात 'कामाचं स्वरूप' असा रकाना आहे. अक्कांनी कन्नडात लिहिलं, चूक दुरुस्ती. गार्डने ते वाचलं आणि पास दिला. या कामासाठी रोज बरेच लोक येत असावेत असा त्याचा चेहरा होता.

पाहुण्यांनी यंत्राला हात लावायचा नाही असा नियम आहे. अक्का माझ्या मागे खुर्चीत बसल्या, हात मांडीवर. स्क्रू माझ्याकडे. विजेचा मीटर आता चालू होता, पण अक्कांसमोर मी त्याच्याकडे कमी आणि खुणांकडे जास्त बघत होतो.

अकरा वाजता मी दहावर आलो आणि दिवा लुकलुकला.

माझा हात स्क्रूवर होता. मला सगळं ठाऊक होतं. चार वर्षं पाठ केलेलं, डायलवर नऊ वेळा बघितलेलं, त्यापायी शीर्षक घालवलेलं. आणि हात उलटा फिरायला निघाला. आत होता तो अक्कांनी ताणलेला शेवटचा वर्ख, दुसरा प्रयोगाआधी बसवतानाच फाटला होता. हा फाटला तर यंत्राचे उरलेले सात तास नुसते बसून काढायचे आणि मुदतीनंतर पुढे काही नाही.

"हात काढ," मागून आवाज आला.

"अक्का, फाटेल."

"फाटू दे. हात काढ."

मी हात काढला. महांतेशने झोत कमी केला. दिवा लुकलुकत राहिला. मी दिव्याकडे बघत होतो, अक्का माझ्या हाताकडे. किती वेळ गेला ते मोजायची साधनं त्या खोलीत जगातली उत्तम होती, पण कुणी मोजलं नाही. दिवा विझला.

"आता?" अक्का म्हणाल्या.

"पन्नास मागं."

"मग?"

"पुढं."

"जा."

मी पन्नास मागे गेलो आणि हळू पुढे आलो. साठ, चाळीस, वीस, बारा, दहा. दिवा विझलेलाच राहिला. कमी झोतावर जास्त वेळ मोजायला लागलं. दहा झालं, मग पन्नास मागे जाऊन बारा. पुन्हा मागे जाऊन चौदा. प्रत्येक वेळी मागून खुर्चीतून "सरी" एवढंच येत होतं. संध्याकाळी सहाला वर्ख बाहेर काढला. एका कडेला सुरकुती पडली होती. अक्कांनी तो उजेडात धरला, सुरकुती बघितली, आणि डबीत ठेवला.

आयुष्य निघालं दीड पिकोसेकंद, अधिक-उणे एक दशांश. केंद्रक खालपासून वरपर्यंत लांबट आहे. उत्तेजित झालं तरी आकार बदलत नाही. मोठ्या नियतकालिकाने कळवलं की निकाल भरवशाचा आहे पण उत्कंठावर्धक नाही. छोट्या नियतकालिकाने छापला. प्रबंधाच्या नव्या शीर्षकात 'आकारबदलाचा अभाव' असे शब्द आहेत. प्रियदर्शनी म्हणाली की लग्नाच्या पत्रिकेवर हे घालू नकोस.

प्रबंधात स्क्रूवर सहा पानांचं एक प्रकरण आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, 'यांत्रिक कारणांमुळे एक मापन बाद करण्यात आलं.' अक्कांना फोनवर वाचून दाखवलं.

"यांत्रिक म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"असंच लिहितात, अक्का."

"यंत्रानं काही केलं नाही. ते बिचारं जागेवर बसलं होतं. मी फिरवला. नाव घाल."

घातलं.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरचे परीक्षक कोलकात्याचे होते. त्यांनी प्रबंध शेवटपर्यंत चाळला आणि चष्मा काढला.

"म्हणजे पाच वर्षांत तुम्ही असं दाखवलंत की काहीच होत नाही?"

"पाच वर्षं पाच महिने, सर."

त्यानंतर त्यांनी आकारावर दोन प्रश्न विचारले आणि स्क्रूवर अर्धा तास. डायलचा तक्ता, नऊ वेळा घेतलेली मापं, वहीच्या पानाचा फोटो, सगळं उलटून पालटून पाहिलं. ही वही कुणाची, हेही विचारलं. मी सांगितलं.

बाहेर आल्यावर निपाणीच्याही आधी अक्कांना फोन लावला. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"पास?" अक्कांनी विचारलं.

"पास."

"स्क्रूचं विचारलं?"

"अर्धा तास."

"काय सांगितलंस?"

"सगळं. तुमचं नाव घेऊन."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"चूक झाली एवढंच म्हणालास का उलटी गेले ते पण सांगितलंस?"

"उलट्या गेल्या म्हणालो. का गेल्या तेही सांगितलं. वर्ख वाचवायला."

"ते कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, अक्का."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांनीही एकदा असंच केलं होतं. ते मात्र त्यांनी अजून कुठे लिहिलेलं नाही."

"लिहा म्हणावं," अक्का म्हणाल्या, आणि भात लागेल म्हणून फोन ठेवला.